देहातील घड्याळ व मनाचा ताण

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात चिंचेचे झाड पाहिले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. दिवस कलू लागला की त्या झाडाची बारीक पाने जोडीजोडीने मिटू लागतात आणि पहाटे पुन्हा उघडतात. ही गोष्ट इतक्या नित्याची आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. शिकंदराच्या आरमारातील अँड्रॉस्थेनीस नामक एका अधिकाऱ्यास मात्र ते वाटले. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, हल्लीच्या बहारीन बेटावर, रात्री पाने मिटणारे एक झाड पाहून त्याने त्याची नोंद करून ठेविली. ते झाड चिंचेचेच असावे असे अभ्यासक मानतात.

पाने मिटतात ती सूर्य मावळतो म्हणून, असे कोणीही म्हणेल. परंतु १७२९ साली द मेराँ ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूच्या जातीचे एक रोपटे घेऊन ते अंधारात ठेवले. सूर्य नाही, उजेड नाही, तरीही ठरल्या वेळी पाने उघडली व ठरल्या वेळी मिटली! याचा अर्थ असा की, वेळ कळण्यासाठी त्या रोपट्यास प्रत्येक वेळी बाहेर पाहावे लागत नव्हते; घड्याळ त्याच्या आतच होते. एवढ्या मोठ्या शोधासाठी लागलेली सामग्री म्हणजे एक कुंडी आणि एक अंधारी जागा, हे आमच्या प्रयोगशाळेतील उपकरणांच्या कमतरतेविषयी नेहमी कुरकुर करणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

असेच घड्याळ प्राण्यांत आहे व माणसांतही आहे. त्याचे गूढ ज्या जीवाने उकलले तो जीव म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे बारीक चिलट. हे चिलट कोशातून बाहेर पडते ते वाटेल त्या वेळी नव्हे, तर बहुधा पहाटेच्या सुमारास, हवेत ओलावा असताना. १९७१ साली अमेरिकेत कोनोप्का व बेंझर ह्या गुरुशिष्यांनी असे दाखविले की, चिलटाच्या एका जनुकात बिघाड झाल्यास त्याचे हे घड्याळ लवकर चालू लागते, सावकाश चालू लागते किंवा बंदच पडते. त्या जनुकाचे काम पेशीत कसे चालते हे पुढे ज्यांनी शोधून काढिले त्या हॉल, रॉसबाश व यंग ह्या तिघांस २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी एक प्रथिन तयार करीत राहते. ते पुरेसे साचले की आपल्याच निर्मितीस अटकाव करते. मग ते झिजून कमी होते आणि निर्मिती पुन्हा सुरू होते. ह्या एका फेऱ्यास सुमारे चोवीस तास लागतात. सारे घड्याळ ते एवढेच.

ह्या कामात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली स्थापिलेल्या अहमदनगर महाविद्यालयाच्या (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) प्राणिशास्त्र विभागात डॉ. दिलीप जोशी व त्यांचे विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे चिलटांच्या घड्याळाचा अभ्यास केला. भारताच्या निरनिराळ्या अक्षांशांवरून एकाच जातीची चिलटे आणून त्यांनी ती प्रयोगशाळेत वाढविली. ती कोशातून कधी निघतात व दिवसाच्या कोणत्या प्रहरी हालचाल करतात हे पाहता, चिलट दक्षिणेकडील की उत्तरेकडील ह्यावर त्याच्या घड्याळाची चाल अवलंबून असते असे त्यांस आढळले. हे निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाले. जात एकच, पण ज्या गावचा दिवस त्या गावचे घड्याळ! जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात राहून जगाने दखल घ्यावी असे संशोधन करता येते, हेही यावरून दिसते.

आता माणसाकडे वळू. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींस ओलांडतात त्या जागेच्या जरा वर, पेशींचे दोन लहानसे पुंजके आहेत. प्रत्येकात सुमारे दहा हजार पेशी असतात. १९७२ साली उंदरांवरील प्रयोगांत हे पुंजके नष्ट केले असता त्यांचे झोपणे-उठणे, खाणेपिणे यांचे ताळतंत्र साफ सुटले, तेव्हा हेच देहाचे मुख्य घड्याळ असे निश्चित झाले. हे घड्याळ अगदी बिनचूक मात्र नाही. १९९९ साली अमेरिकेत काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरीने चोवीस तास अकरा मिनिटांचा भरला. म्हणजे ते रोज थोडे मागे पडते व रोज लावून घ्यावे लागते. ते लावणारा हात म्हणजे सकाळचा उजेड. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचा मुख्य उद्योग वस्तू दाखविणे हा नसून दिवस आहे की रात्र आहे एवढे ह्या घड्याळास कळविणे हा आहे. त्या निळसर उजेडाने विशेष जाग्या होतात. मोबाइलच्या पडद्याचा उजेड तसलाच असल्यामुळे, रात्री अकरा वाजता त्यात डोळे घालून बसणारा मुलगा आपल्या मेंदूस दिवस अजून मावळला नसल्याची खोटी वर्दी देत असतो.

हे घड्याळ आपली वेळ साऱ्या देहास कशी कळविते? एक मार्ग संप्रेरकांचा. संप्रेरक म्हणजे एखाद्या ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांस निरोप पोहोचविणारा रस. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस सोडते. रात्र झाली, असा त्याचा निरोप. दुसरा रस कॉर्टिसॉल, व आमच्या विषयाशी ह्याचाच निकटचा संबंध आहे. मेंदूतील अधश्चेतक नावाचा भाग पियुषिका ग्रंथीस हुकूम देतो, पियुषिका मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींस तो पोहोचविते, आणि त्या ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. जिल्हाधिकारी, तहसीलदार व तलाठी अशी ही उतरंड समजावी.

कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचा रस, म्हणून तो वाईट, अशी समजूत अलीकडे वर्तमानपत्रांतील आरोग्यविषयक सदरांनी बरीच पसरविली आहे. ती खरी नाही. हा रस रोज पहाटे आपोआप वाढतो, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कळसास पोहोचतो, आणि मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी होतो. सकाळी अंथरूण सोडून कामास लागण्याची उमेद ज्या गोष्टींमुळे येते त्यांत हा एक आहे. उंदीर निशाचर, त्याच्या देहात ह्याच जातीचा रस सायंकाळी वाढतो, कारण त्याची सकाळ ती. यावरून त्याचा कामाच्या वेळेशी किती घट्ट संबंध आहे हे ध्यानात येईल. ह्या रोजच्या चढउताराखेरीज अकस्मात संकट आले तरी तो वाढतो. शेताच्या बांधावर साप आडवा आला तर हृदयाचे ठोके क्षणात वाढतात ते मुख्यतः ॲड्रेनलिनमुळे. त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल येतो व रक्तातील साखर वाढवून स्नायूंस आणि मेंदूस शिधा पुरवितो. साप निघून गेला की हे सारे शमले पाहिजे. ते शमविण्याची सोयही मेंदूतच आहे. हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग, जो नव्या आठवणी साठविण्याच्या कामीही येतो, तो रक्तातील कॉर्टिसॉल ओळखतो व अधश्चेतकास ‘आता पुरे’ असे कळवितो. हा भाग ताणाच्या रसास ओळखतो हे न्यूयॉर्क येथील ब्रूस मॅकएवन यांनी १९६८ साली दाखविले.

तेव्हा प्रश्न रस वाढण्याचा नसून तो वेळेवर न उतरण्याचा आहे. बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी व त्यांचे सहकारी यांनी उंदरांस रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही अशा तऱ्हेने कोंडून ठेविले. नंतर मेंदू तपासता हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडलेल्या आढळल्या. उलट भीतीचे ठाणे जो अमिग्डाला त्यातील पेशींच्या फांद्या वाढून दाट झालेल्या होत्या. हे २००२ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००४ साली त्यांनी असेही दाखविले की, एकवीस दिवस विश्रांती मिळाल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो, पण अमिग्डालातील वाढ व तिच्याबरोबरची धास्ती कायम राहते. वाचकांनी येथे जरा थांबून विचार करावा. जो भाग ‘पुरे’ म्हणावयाचा तोच झिजतो, आणि जो भाग घाबरवितो तो बळावतो. बैलगाडीची उतरण आली, आणि नेमकी त्याच वेळी बैलांना बांधलेली वेसण तुटली, त्यातलाच हा प्रकार.

परीक्षेच्या आदल्या रात्री चहाच्या जोरावर दोन दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आपला हिशेब ह्यावरून करून पाहावा. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते व त्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा मोठा असतो. ज्या रात्री त्याची सर्वांत गरज, नेमकी तीच रात्र आपण त्याजकडून काढून घेतो.

परंतु जागरणाची खरी कहाणी शाळेत नाही, ती शेतात आहे. आमच्या वर्गांत अशी कितीतरी मुले आहेत की ज्यांचे वडील वा मोठे बंधू हिवाळ्यात रात्री घरी नसतात. रानडुकरे व रोही यांच्यापासून हरभरा आणि तूर वाचविण्यासाठी जागलीस जावे लागते. शिवाय शेतीपंपांस काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशी पाळीने वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात कित्येक वर्षे चालत आली. रात्रीची पाळी आली की थंडीत, विंचूकाट्यात, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन ओलितास जाणे प्राप्त. देहाच्या घड्याळाविषयी वर जे सांगितले त्याच्या उजेडात हे पाहावे. घड्याळ एका रात्रीत फिरत नाही. ते सामान्यतः दिवसाला तासाभराहून फारसे सरकत नाही. पाळी बदलते तेव्हा ते अर्ध्या वाटेवर असते, आणि ते रुळते न रुळते तोच पाळी पुन्हा बदलते. ज्या मध्यरात्री कॉर्टिसॉल तळाशी जावयाचा त्याच वेळी मनुष्य चिखलात उभा राहून डुकरांची चाहूल घेत असतो. दिवसा उन्हात झोप नीट लागत नाही. २०१७ साली राज्य शासनाने सौर वीज घेऊन शेतीस दिवसा पुरवठा करण्याची योजना काढिली. तिचे फायदे सांगताना विजेचा दर व पिकाचे उत्पन्न ह्यांचीच चर्चा होते. शेतकऱ्याची रात्र त्यास परत मिळते, हा लाभ आमच्या मते त्यांहून कमी नाही.

ह्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर दुःखाने घेतले गेले, हे येथे लपवून चालणार नाही. तरी त्याचे कारण मेंदूतील एका रसात शोधू नये. कर्ज, कापसाचा भाव आणि लहरी पाऊस हे काही कॉर्टिसॉलचे खेळ नव्हेत. विज्ञान शिकलेल्या माणसाने अशा वेळी अधिकच जपून बोलावे. विज्ञान एवढेच सांगू शकते की, दीर्घकाळच्या चिंतेने व जागरणाने मनुष्याची झोप, भूक, स्मरण आणि निर्णयशक्ती खरोखर क्षीण होते; हा त्याचा भित्रेपणा किंवा आळस नव्हे, आणि त्यावर उपाय आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. गावातील कार्यकर्त्यांस शिक्षण देऊन त्यांच्याकरवी खिन्नतेने ग्रासलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे व जरूर तेथे डॉक्टरांकडे पाठविणे, असे त्याचे स्वरूप. डॉ. राहुल शिधये व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आरंभी अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे चारच उपचार घेत होते. अठरा महिन्यांनी ती संख्या सत्तावीस झाली. गावातलाच ओळखीचा मनुष्य ओसरीवर बसून विचारपूस करतो, त्याचे हे फळ. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही पालकांनी टिपून ठेवावा.

येथवर मोठ्या माणसांचे झाले. ताण बालपणीच पडला तर काय होते, ह्या प्रश्नास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदुषी विदिता वैद्य यांनी आपले आयुष्य वाहिले आहे. २००० सालापासून त्या तेथे आहेत. २०१५ साली त्यांस शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक व २०२२ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. उंदराची पिले जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत, रोज तीन तास, आईपासून दूर ठेवावयाची. बाकी खाणेपिणे, ऊब, सारे यथास्थित. मग ती इतर पिलांप्रमाणेच वाढू द्यावयाची. मोठी झाल्यावर त्यांस जमिनीपासून उंच उभारलेल्या एका फुलीवर सोडतात. तिच्या दोन बाहूंस भिंती असतात, दोन बाहू उघडे असतात. साधारण उंदीर थोडा वेळ भिंतींच्या आडोशाला बसून मग उघड्या बाहूवरही डोकावून येतो. आईपासून दुरावलेली पिले मोठी झाली तरी आडोसा सोडण्यास कचरतात. दिवसाचे तीन तास व ते बारा-तेरा दिवस, आणि त्याची खूण जन्मभर!

हे घडते कसे? सेरोटोनिन नावाचे एक द्रव्य मेंदूत निरोप्याचे काम करते. चेतापेशींच्या पृष्ठभागावर ते ग्रहण करणारी अनेक प्रकारची द्वारे असतात. त्यांतील एका प्रकारच्या द्वाराचे काम अशा पिलांच्या मेंदूत बिघडते, असे वैद्य व त्यांच्या विद्यार्थ्यांस आढळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, वियोगाच्या त्याच दिवसांत पिलांना हे द्वार बंद ठेवणारे औषध दिले असता मोठेपणीची धास्ती उत्पन्नच झाली नाही. म्हणजे घाव पडण्याचा काळ ठराविक आहे, आणि त्या काळात तो अडविताही येतो. हे उंदरांतील आहे, माणसाच्या बाळास असे काही औषध द्यावे असा त्याचा मुळीच अर्थ नाही. तसे कोणी सुचविल्यास पालकांनी त्यास दारातूनच परत लावावे. तसेच, कामासाठी तान्ह्यास आजीजवळ ठेवून शेतावर जाणाऱ्या मातेनेही मनास लावून घेऊ नये. आजीची कुशी असलेले बाळ आणि सर्वस्वी दुरावलेले पिलू यांची तुलना होत नाही. परंतु ज्या घरी रोज आरडाओरड आणि मारहाण चालते, व लहानग्यास त्यातून सुटकेची जागा नसते, त्या घराविषयी हा प्रयोग आम्हांस काही सांगतो खास. ‘मूल आहे, विसरून जाईल,’ असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मूल विसरेलही, त्याचा मेंदू विसरत नाही.

ह्याच संस्थेतील उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या साहाय्याने वैद्य यांनी २०१९ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आणिली. सेरोटोनिन नुसता निरोप देत नाही. चेतापेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात त्यांची संख्या व जोम तो वाढवितो, आणि त्यामुळे पेशी ताण अधिक सोसू शकते. खिन्न मनुष्य ‘अंगात शक्तीच नाही’ असे म्हणतो तेव्हा घरची मंडळी त्यास उठून कामास लागण्याचा उपदेश करतात. त्याचे म्हणणे कदाचित अक्षरशः खरे असेल.

शेवटी पालकांच्या एका नेहमीच्या तक्रारीविषयी. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रात्री वेळेवर झोपत नाही व सकाळी हाका मारूनही उठत नाही, असे प्रत्येक पालकसभेत आमच्या कानी येते. त्यात मोबाइलचा दोष आहेच. पण ह्या वयात देहाचे घड्याळच पुढे सरकते. मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतो, आणि पहाटे पाच वाजता त्या मुलाच्या देहात अद्याप मध्यरात्र उलटून फार वेळ झालेला नसतो. विशीनंतर हे हळूहळू मागे येते. म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली असे सुचविले की, ह्या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत. आपल्या राज्य शासनानेही २०२४ च्या फेब्रुवारीत शाळांच्या वेळेविषयी आदेश काढिला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असे त्यात आहे. लहानग्यांची झोप वाचली हे उत्तम झाले. मात्र ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते ते आठवी, नववी व दहावीचे विद्यार्थी त्या आदेशात नव्हते.